मोकाट

ठक्.

मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा ठक्, ठक्, आणि खलात काहीतरी टणक फुटून घरंगळल्याचा आवाज.

त्याआधी घरात अशी शांतता होती की मला माझ्या पेनाची कुरकुर ऐकू येत होती. लेक उठेपर्यंतची सकाळ तेवढी माझी असते. टेबलावरचे डबे कोपराने बाजूला सारायचे, उरलेल्या वीतभर जागेत कागद पसरायचे आणि जमेल तेवढं उरकायचं. कारण ती उठली की घरात दुसऱ्या आवाजाला जागा राहत नाही. उगाच नाही तिला सगळे भोपू म्हणत. त्या दिवशी मी प्रयोगशाळेतले आकडे घरी आणून मांडत बसले होते. औषधी झाडांच्या बिया वाटायच्या, अल्कोहोलमध्ये भिजवून त्यांचा अर्क काढायचा, आणि शरीराला आतून गंजवणाऱ्या कणांना तो अर्क किती आवर घालतो ते काचेच्या कुपीत तपासायचं, हे माझं काम. आणि त्या आठवड्यात ते काम कधी नव्हे ते चांगलं चाललं होतं.

ठक्.

मी मागच्या बाल्कनीत डोकावले. सासूबाई स्टुलावर बसून मांडीत खल धरून कुटत होत्या. आवाज होऊ नये म्हणून खलाखाली टॉवेल घातला होता, त्याचा उपयोग शून्य.

“अहो आई, ती उठेल. काय कुटताय एवढं?”

“तुझ्या बिया.”

“माझ्या?”

“उरलेल्या गं. सोलून दिल्यावर तूच म्हणालीस ना, राहू देत घरात.” त्यांनी चमचाभर पूड कोमट पाण्यात टाकली, ढवळली, नाक मुरडून एका घोटात संपवली. “मेल्या काय तुरट आहेत! जीभ घशात पळून जाते.”

“पण कशासाठी?”

“पोटासाठी,” त्या म्हणाल्या आणि ग्लास विसळायला उठल्या.

जांभळाच्या बिया होत्या त्या. वाळवलेल्या, पातळ साल काढलेल्या. जांभळाचं बी कुणाच्याही पोटाला काही करणार नाही, म्हणून मी सोडून दिलं. शिवाय तेवढ्यात आतून हाक आलीच. भोपू उठली होती, आणि तिला ताबडतोब, त्याच क्षणी, हे सांगायचं होतं की तिच्या शाळेच्या शर्टाचं बटण लोंबकळतंय.

सुई-दोऱ्यासाठी मी सासूबाईंचा शिवणाचा डबा उघडला. त्या आयुष्यभर शिवणकाम करत आल्या. माझ्या लग्नातला ब्लाउज त्यांनीच शिवला, आणि तो मापाला इतका नेमका बसला की माझी स्वतःची आई जराशी रुसली होती. गेल्या वर्षी त्यांच्या छातीतली गाठ काढली. नंतरचे उपचार झाले, केस गेले, केस आले. मग रोज घ्यायची एक गोळी सुरू झाली आणि तिच्यापायी त्यांची बोटं आखडली. सकाळी कप धरवेना. सुईत दोरा ओवायला त्या भोपूला हाक मारायच्या आणि ती खाऊन-पिऊन चिकट झालेल्या बोटांत दोरा धरून इतका चोखायची की तो नेढ्यातून जायच्या लायकीचा राहायचा नाही. पण गेले काही दिवस त्यांचे हात पुन्हा चालू लागले होते. भोपूसाठी फ्रॉक बेतला होता. मी खूश होते. मी नवऱ्याला सांगितलंही होतं, आईंची बोटं सुधारतायत.

डब्यात वरती बॉबिन, टेप, खडू. खाली हुकांचं पाकीट. त्याच्याखाली गोळ्यांची पाकिटं, एकावर एक, रबर लावून. सगळी भरलेली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

मी एक पाकीट उलटसुलट करून पाहिलं. जणू दुसऱ्या बाजूने ते रिकामं निघणार होतं.

“आई, ह्या गोळ्या इथे कशा?”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि ग्लास पुसतच राहिल्या. “त्या होय. असू देत.”

“असू देत म्हणजे? तुम्ही घेत नाही आहात? कधीपासून?”

“ओरडू नकोस. पोर बघतेय.”

“मी ओरडत नाहीये.”

“तू ओरडतेयस,” टेबलावरून भोपू म्हणाली. ती दुधात पाव बुडवत होती आणि अर्धा पाव कपात बुडून गेला होता.

मी आवाज खाली आणायला गेले. तो खाली येईना. “आई, ही गोळी न चुकता घ्यायची असं डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. मी होते तिथे.”

“होतीस ना? मग काय म्हणाले ते आठव. गाठ काढली, पण एखादी पेशी मोकाट सुटली असेल तर तिला ही गोळी आवरून धरेल. म्हणाले की नाही?”

“हो. मग?”

“मग तूच म्हणालीस की जांभळाच्या बिया मोकाटांना धरतात. तपासलेल्या पाच झाडांच्या बियांत पहिल्या आल्या म्हणालीस. किती नाचलीस त्या दिवशी! मग जिनं बोटं लाकडासारखी होतात ती कशाला घेऊ? तेच काम बी करतंय.”

मी खुर्चीवर बसले. बसवेना म्हणून उठले.

तो शब्द माझा होता. प्रयोगशाळेतल्या मराठी पुस्तकात त्या कणांना ‘मुक्त मूलके’ म्हणतात. एकदा भोपूने विचारलं, तू कामावर काय करतेस, तर मी मोठ्या हौसेने म्हटलं, मुक्त मूलकांवर काम करते. ती म्हणाली, “मुक्त मुलांवर? त्यांना शाळेला सुट्टी आहे?” तेव्हापासून मी नाव बदललं. मोकाट कण. ज्याचा जोडीदार हरवला आहे, जो सैरावैरा फिरतो, दिसेल त्याच्या खिशातून ओरबाडतो आणि शरीरात नासधूस करतो. मग येतं शहाणं बी. ते आपल्याजवळचं थोडंसं त्याला देतं, त्याचा हात धरतं आणि म्हणतं, बस आता इथे. ही गोष्ट मी भोपूला सुट्टीच्या दुपारी निजवताना सांगायचे. ती कितीदा तरी सांगितली असेन, कारण तिला मोकाटांनी केलेली नासधूस फार आवडायची. पडद्यापलीकडे सासूबाई पडून असायच्या. मला वाटायचं, त्यांना डुलकी लागलीये.

डॉक्टरांचा मोकाट वेगळा. तो म्हणजे अख्खी पेशी, जिवंत, वाढू पाहणारी. माझा मोकाट त्या पेशीच्या मानाने धुळीपेक्षाही बारीक. दोघांना एकच शब्द लागला आणि सासूबाईंनी तो सरळ जोडून टाकला.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. भराभर, एका दमात, भोपूच्या केसांत कंगवा अडकलेला असताना. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे मोकाट दोन प्रकारचे,” त्या म्हणाल्या.

“हो! अगदी वेगळे.”

“पण मोकाटच ना?”

बस चुकली. पुढच्या बसमध्ये मी उभी होते. जागा रिकामी होती तरी उभी होते. नवऱ्याला फोन लावला. तो कामासाठी महिना महिना बाहेर असतो.

“तू सांग ना तिला,” तो म्हणाला. “आई तुझंच ऐकते.”

“माझंच ऐकलंय, म्हणून तर!”

पलीकडे यंत्रांची घरघर. मग म्हणाला, “मी सांगतो रात्री.” मग, “पण तिची बोटं खरंच बरी आहेत का गं?”

या प्रश्नाला ‘हो’ म्हणताना मला कसंतरी झालं.

प्रयोगशाळेत त्या दिवशी जांभळाच्या अर्काची फेरतपासणी होती. एकदा आलेला निकाल पुन्हा तसाच आला तरच तो खरा धरायचा, असा आमच्या प्रमुख बाईंचा नियम, आणि नियम बरोबरच आहे. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सोबत्याला आम्ही ठिबक म्हणतो, कारण त्याच्या थेंब मोजायच्या पिपेटमधून टेबलावर कायम काहीतरी ठिबकत असतं.

“आज चेहरा का असा?” त्याने विचारलं. “जांभळाने दगा दिला का?”

“अजून नाही.”

“नाही देणार. तुझं जांभूळ म्हणजे घरचा माणूस आहे.”

तपासणी दिसायला अगदी साधी. गडद जांभळ्या रंगाचं एक द्रावण असतं. तो रंग म्हणजेच मोकाट कण. त्यात अर्काचे थेंब टाकायचे, कुपी अंधाऱ्या कपाटात ठेवायची आणि वाट पाहायची. अर्कात दम असेल तर जांभळा रंग फिका पडत पडत पिवळा होतो. मग यंत्र सांगतं, जांभळं किती उरलं. सुरुवातीला भोपूला मी हे सांगितलं तेव्हा ती गोंधळली होती. जांभळाचं बी जांभळ्यालाच घालवतं? आपल्याच माणसाला?

मी थेंब टाकले, कपाट बंद केलं आणि वाट पाहू लागले. एरवी ह्या वेळात मी कुप्या धुते, डबा खाते, फोनवर भोपूचे फोटो बघते. त्या दिवशी मी हात धुतले, पुन्हा धुतले, खिडकीपाशी गेले, परत आले. आणि मला कळलं की मी मनातल्या मनात एकच म्हणतेय: नको होऊस पिवळं.

हे काम उभं करायला मी काय काय केलं होतं. पोरीला तापात सासूबाईंच्या हवाली करून आले होते. ह्या निकालाच्या शोधनिबंधावर बाई माझं नाव पहिलं लावणार होत्या. आणि मी कपाटाशी उभी राहून तो निकाल फसावा म्हणून देव पाण्यात घातले होते. फसला, की घरी जाऊन सांगता येईल: बघा आई, बी काही कामाचं नाही, मी चुकले होते, घ्या गोळी.

दार उघडलं. पिवळं. स्वच्छ, कोवळं, उन्हासारखं पिवळं.

“वा!” ठिबक मागून म्हणाला. “अभिनंदन. चहा तुझ्याकडून.”

मला खोटंही बोलता आलं असतं. घरी कोण तपासायला येणार होतं? बसमध्ये मी ते वाक्य जुळवलंसुद्धा: आई, आज बी नापास झालं. पण एकदा का मी असं सांगितलं, की त्यांना माझ्या कुठल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा हे कसं कळणार? आणि मला तरी? मग चहा ह्या शब्दावर मन पुन्हा पुन्हा अडकू लागलं. चहा तुझ्याकडून. चहासुद्धा हेच करतो! कोणताही काळा चहा त्या जांभळ्या द्रावणात टाकला तर ते पिवळंच होईल. लिंबू, संत्रं, कांद्याची साल, कितीतरी गोष्टी. हे त्यांना डोळ्यांनी दाखवलं तर बियांचा रुबाब आपोआप उतरेल.

मला इतकं हायसं वाटलं की एक थांबा पुढे जाऊन उतरले.

सुट्टीच्या दिवशी बाईंची परवानगी काढून मी सासूबाईंना आणि भोपूला प्रयोगशाळेत नेलं. सासूबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती, जसं काही कुणाच्या घरी बोलावणं आहे. भोपूला मी दाराजवळच्या उंच स्टुलावर बसवलं आणि बजावलं की हात मांडीखाली. ती हात मांडीखाली दाबून बसली आणि मग सगळं तोंडाने करू लागली.

“ते काय आहे? ते फिरतंय का? तो काका कोण? काका, तुझ्या पाइपातून सांडतंय!”

ठिबक ओशाळला. तो स्वतःचं काहीतरी आटपायला आला होता, आणि आता जाणार नव्हता हे उघड होतं.

“बघा आई,” मी म्हटलं. “हे जांभळं म्हणजे मोकाट कण. ह्यात आधी तुमच्या बियांचा अर्क.”

“रंग छान आहे गं,” सासूबाई कुपीकडे बघत म्हणाल्या. “असं सुती कापड मिळायला पाहिजे.”

दुसऱ्या कुपीत थर्मासमधला बिनदुधाचा चहा. तिसरीत भोपूच्या डब्यातल्या संत्र्याचा रस. तिन्ही कुप्या कपाटात ठेवल्या. भोपू अंधारात काय चाललं असेल ते स्वतःशीच मोठ्याने सांगत होती. सासूबाई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या, मापं घेतल्यासारख्या. मला उभं राहवत नव्हतं. मी दोनदा कपाटाच्या कडीला हात लावला, तर भोपू ओरडली, “आई, तूच म्हणालीस उघडायचं नाही!”

शेवटी उघडलं. तिन्ही पिवळ्या.

“बघितलंत?” मी जवळजवळ ओरडलेच. “चहासुद्धा! संत्रंसुद्धा! बियांनी काही जगावेगळं केलेलं नाही, आई. हे कुणीही करतं.”

सासूबाईंनी कुप्यांकडे पाहिलं, मग थर्मासकडे. “म्हणजे चहा पण औषध. आणि तू मला तिसरा कप घेऊ देत नाहीस.”

ठिबकने तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते.

“तसं नाही हो...”

“थांब. मला एक बघायचंय.” त्यांनी कमरेला खोचलेला रुमाल काढला, त्याची गाठ सोडली. आत एक गोळी होती. “ही टाक.”

मी गोळीकडे पाहत राहिले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि ज्या क्षणी आलं त्याच क्षणी मला माहीत होतं काय होणार.

“तिचा इथे काही संबंध नाही, आई.”

“सगळ्यांना संधी दिलीस, संत्र्यालासुद्धा. हिला का नाही? घाबरलीस?”

घाबरले होतेच. पण नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. मी गोळी कुटली, अल्कोहोलमध्ये हलवली, गाळली, जांभळ्यात थेंब टाकले, कपाटात ठेवलं.  ह्या वेळी भोपू नुसती पाय हलवत बसून होती.

दार उघडलं तेव्हा कुपी जांभळीच होती. ठेवली तशीच, गडद, हट्टी. यंत्रानेही तेच सांगितलं.

“गोळी नापास!” भोपू हात सोडून टाळ्या वाजवत म्हणाली. “आजीची गोळी नापास!”

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा मोडली.

मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले. मला वाटतं त्या दिवसांत पहिल्यांदाच मी नीट बसले असेन. “आई, तुमच्या शिवणाच्या टेपने ताप मोजता येतो का?”

“काय विचारतेस?”

“सांगा ना. भोपू तापाने फणफणलीये. तुम्ही टेप लावली, तर टेप काय सांगेल?”

“काखेचं माप सांगेल.”

“टेप खोटी आहे का मग?”

“टेप कशाला खोटी? तिला तापाचं काय कळतंय?”

“ही तपासणी तशीच आहे. ती खोटी नाही. पण तिला फक्त ह्या कुपीतला हा रंग कळतो. गोळी जे करते ते शरीरात करते, दुसऱ्याच रस्त्याने. ते इथे दिसणारच नाही. आणि बी इथे जे करतं, ते तुमच्या पोटात गेल्यावर करतं की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही. मला कुपीपलीकडचं काहीच माहीत नाही, आई. मी तुमच्या पोरीला... म्हणजे माझ्या पोरीला गोष्ट सांगत होते.”

“मग गोळी काम करते, हे तरी तुला कुठे माहीत?”

“मला नाही. पण ज्यांना माहीत आहे त्यांनी कुपीत नाही मोजलेलं. बायकांमध्ये मोजलंय. तुमच्यासारख्या कितीतरी बायका, वर्षानुवर्षं. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या.”

 त्यांनी हात पुढे करून बोटं उघडली, मिटली. “आणि ही?”

आता हे बोलायलाच हवं होतं. “बियांनी नाही सुटली ती. तुम्ही गोळी बंद केलीत, म्हणून सुटली.”

“मला ते कळत नाही असं वाटतं तुला?”

मी त्यांच्याकडे पाहिलं.

“माझी बोटं आहेत, मला कळणार नाही? गोळी सोडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मूठ वळली. बिया त्यानंतर सुरू केल्या मी.” त्या टेबलाकडे बघत बोलत होत्या. “पण नुसती गोळी टाकून द्यायची तर जीव धजेना. काहीतरी बदली पाहिजे होतं. नाहीतर झोप कशी लागेल? तू त्या पोरीला मोकाटांची गोष्ट सांगत होतीस. म्हटलं, झालं. घरातलंच माणूस सांगतंय, शिकलेलं. मग मला लागायची झोप.”

ठिबकने आपलं सामान उचललं आणि काही न बोलता बाहेर गेला. दार अगदी हळू ओढून घेतलं.

“मला का नाही सांगितलंत? डॉक्टरांना का नाही, की बोटं अशी होतात?”

“काय सांगू? त्यांनी जीव वाचवला आणि मी बोटांची तक्रार घेऊन जाऊ? म्हणतील, म्हातारीची हौस काय तर शिवण.” मग त्या माझ्यावर चिडल्या, माझ्यावर नाही तर कुणावर चिडणार. “तुला वाटतं मी बसून राहावं. तुम्ही दोघं कामाला, पोर शाळेत, आणि मी खिडकीत, हात मांडीवर ठेवून. मशीन झाकून ठेवायचं कापड धुऊन धुऊन विरलं बघ, पण मशीन काही उघडलं नव्हतं. तशी वाचून तरी काय करायचंय?”

“असं बोलू नका.”

“का नको? तुला हे सगळं सोडायला सांगितलं असतं,” त्यांनी कुप्यांकडे हात केला, “तर सोडलं असतंस?”

 मी त्यांचा हात धरला. बोटं मऊ होती, टोकांना सुईने टोचून टोचून झालेले खरखरीत ठिपके. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

“डॉक्टरांकडे जाऊ,” मी म्हटलं. “तक्रार करायलाच जाऊ. तुम्ही नाही केलीत तर मी करेन. दुसरी गोळी असेल कदाचित. नसेल तर बोटांसाठी काही असेल. पण त्यांना सगळं सांगायचं. बंद केली होती, तेसुद्धा.”

“ओरडतील.”

“ओरडू देत. मी आहे.”

“तू तर त्यांच्याहून जास्त ओरडतेस,” त्या म्हणाल्या, आणि उठून साडीच्या निऱ्या सारख्या करू लागल्या.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ह्या वेळी दुसऱ्याच होत्या, माझ्याच वयाच्या, डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. त्यांनी सासूबाईंची बोटं एकेक करून वाकवून पाहिली. म्हणाल्या, बऱ्याच जणी अशा गोळ्या बंद करतात आणि सांगत नाहीत, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. त्याच जातीची दुसरी गोळी लिहून दिली. काही जणींना ती कमी त्रास देते, काहींना नाही, बघू म्हणाल्या. हातांचे व्यायाम दिले. बियांची पूड बंद करा म्हणाल्या. रक्त घेतलं आणि बाकीच्या तपासण्यांसाठी तारीख दिली.

सासूबाईंनी विचारलं, “फ्रॉकचा गळा राहिलाय. तेवढा होईल का ह्या गोळीत?”

“करून बघा,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि नाही जमलं तर लगेच या. मनाने बंद करायची नाही.”

सासूबाई बाहेर गेल्यावर मी मागे थांबले. विचारलं, मधल्या दिवसांचं काय? गोळी नव्हती त्या दिवसांचं?

त्यांनी पेन खाली ठेवलं. “ते आज नाही सांगता येणार. आपण लक्ष ठेवू.”

बसथांब्यावर गर्दी नव्हती. सासूबाई औषधाच्या दुकानातून नवं पाकीट घेऊन आल्या, बाकावर बसल्या, पर्समधली पाण्याची बाटली काढली आणि तिथेच, भोपूसमोर आणि माझ्यासमोर, पहिली गोळी फोडली. “घे, बघितलंस?” अशा नजरेने माझ्याकडे पाहून ती गिळली. मग डोळे मिटून मान मागे टेकली.

मला बसवत नव्हतं. मी थांब्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते आणि भोपू माझं बोट धरून माझ्याबरोबर. ती बराच वेळ गप्प होती. तिचं गप्प असणं मला नेहमी घाबरवतं.

“आई, नवीन गोळी आजीच्या मोकाटांना पकडणार ना?”

“हो. त्यासाठीच आहे ती.”

“जुनी पण पकडायची?”

“हो.”

आम्ही टोकाला पोचलो, वळलो. तिने माझं बोट खाली ओढून मला थांबवलं. एरवी तिचं कुजबुजणंसुद्धा पलीकडच्या रस्त्याला ऐकू जातं. ह्या वेळी तिने आजीकडे एकदा बघून खरंच हळू विचारलं,

“मग मधे आजी गोळी घेतच नव्हती, तेव्हा त्यांना कोण पकडत होतं?”